दोन फळ्या, दोन हिरवे

तिसऱ्या ट्रेमधलं सातवं झाड मधोमध हिरवं पडलं होतं. थोरलीला ते सकाळी आठ वाजता, हातातला झाडू खाली ठेवायच्या आधीच दिसलं.

दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. बोटाच्या पेराएवढा हिरवा, तोही अगदी कोवळ्या पानांत. पण चौदा वर्षं याच काचघरात ज्या बाईनं जाड, रसाळ पानांच्या सक्युलंटना लाल करायचं काम केलं, तिला तो हिरवा म्हणजे भर रस्त्यात कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा होता. तिनं झाडू भिंतीला टेकवला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. दुपारपर्यंत तिनं अशी एकोणीस झाडं हेरली. तीनशेतली एकोणीस. आणि गिऱ्हाईक येऊन माल पसंत करायचा दिवस सोळा दिवसांवर आला होता.

समोरच्या फळीवर धाकटीची तीनशे झाडं मजेत लाल होत होती. धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी एकमेकींना पाण्यात बघत होत्या आणि हे घरातच नव्हे, माल घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं.

भांडणाचं मूळ होतं काचघराची किल्ली. काचघर मामंजींचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं. त्यांचे गुडघे गेले होते आणि थंडी सरली की ते मुलीकडे राहायला जाणार होते. मागे काचघर कोण चालवणार, हा प्रश्न थोरलीला पडलाच नव्हता. चौदा वर्षं पहाटे सहाला कुलूप तीच उघडत होती आणि अंधार पडल्यावर तीच लावत होती. धाकटी आली तीन वर्षांपूर्वी, दिराची नोकरी गेली तेव्हा, दोन सुटकेसेस आणि बागायतीचा एक कोर्स घेऊन. आल्या आल्या कुंड्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. थोरलीच्या मते तिला झाडांतलं काही कळत नव्हतं, फक्त त्यांची आडनावं पाठ होती.

तर एका नव्या हॉटेलच्या अंगणासाठी तीनशे लालभडक सक्युलंट हवेत म्हणून एक बाई आली. बागा आखून द्यायचं काम करणारी. तिला सगळे लँडस्केपवाली म्हणत. ती गेल्यावर मामंजींनी दोघी सुनांना समोर उभं केलं.

"दोन फळ्या करू," ते म्हणाले. "एका लॉटमधली, एका वयाची झाडं. तीनशे तुझी, तीनशे तिची. पंचेचाळीस दिवस. बाई जी फळी उचलेल, तिच्या हातात किल्ली."

"मी चौदा वर्षं इथं काय करत होते मग?" थोरलीनं विचारलं.

"ताणाशिवाय रंग येत नाही, थोरले," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

त्या हसण्याचा तिला जो संताप आला तो तिनं कुणाला सांगितला नाही. सांगून करणार काय? घरातल्या माणसांना झुंजवायची म्हाताऱ्याची हौस जुनी होती. दोन्ही मुलांनाही त्यांनी असंच झुंजवून वाढवलं होतं. त्यातला एक तोंडाळ निघाला आणि दुसरा मुका. मुका तिच्या वाट्याला आला.

पण बोलण्यात म्हातारा चुकला नव्हता. या झाडांचा रंग बाटलीतून येत नाही. झाड सुखात असलं की हिरवं असतं, आणि गिऱ्हाइकाला हिरवं नको असतं. म्हणून झाडाचं सुख काढून घ्यायचं. पाणी तोडायचं, खत बंद करायचं, सावलीचं जाळं गुंडाळून ऊन थेट पानांवर घ्यायचं, आणि रात्री छपराच्या काचा उघड्या ठेवून गारठा आत सोडायचा. पंधरा दिवस झाड ढिम्म असतं. मग पानांच्या कडा गुलाबी होतात, तो रंग हळूहळू आत सरकतो आणि दीड महिन्यात झाड असं पेटतं की बघणाऱ्याला वाटावं, काय तजेलदार आहे! तजेला कसला, उपासमार असते ती. कुठं थांबायचं ते कळलं नाही तर झाड लालाचं तपकिरी होतं आणि मग कचऱ्यात जातं. ते थांबणं थोरलीच्या नजरेत होतं.

धाकटी याला रंगद्रव्य म्हणायची. "ऊन सोसेना झालं की झाड स्वतःसाठी छत्री तयार करतं, ताई. लाल रंग म्हणजे त्याची छत्री."

"छत्री असो नाहीतर टोपी. पाणी तोडलंस की नाही, तेवढं सांग."

आणि काचघरात एक नियम होता, मामंजींनी घातलेला. रंगाला बसवलेल्या झाडाला हात लावायचा नाही. या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते. बोट लागलं की ती निघते ती निघतेच आणि तिथं कायमचा डाग राहतो. म्हणून कुंडी उचलायची नाही, फिरवायची नाही, सरकवायचीही नाही. हात मागे बांधून नुसतं डोळ्यांनी बघायचं. चौदा वर्षांत थोरलीनं हा नियम एकदाही मोडला नव्हता.

आता तिनं डोळ्यांत तेल घालून बघितलं. पिठ्या ढेकूण आहे का? नव्हता. काचेवर कुणी सावली धरतंय का? नाही. कुंड्यांतल्या मातीवरची खडी कोरडी ठणठणीत. पानांवर काही फवारलंय का म्हणून तिनं वास घेतला, एक गळलेलं पान जिभेला लावून बघितलं. काही नाही. कुणीतरी झाडांचं वाईट करतंय, एवढं तिला नक्की कळत होतं, आणि ते वाईट ती चार दिवस शोधत राहिली. शत्रू म्हणजे काहीतरी विषारी घालणार, अशी तिची पक्की समजूत. पाचव्या दिवशी एकोणीसची साठ झाली.

पाचव्या दिवशी तिनं नियम मोडला. दोन बोटांनी कुंडीची कड धरली आणि तिसऱ्या ट्रेमधलं सातवं झाड उचललं.

कुंडी जड होती.

महिनाभर पाणी न मिळालेली कुंडी कशी लागते, ते तिच्या हाताला पाठ होतं. रिकाम्या काडेपेटीसारखी. ही भरलेल्या वाटीसारखी होती. तिनं बुडाच्या भोकात करंगळी घातली. ओलं. ट्रेच्या तळाशी पाण्याची रेघ वाळलेली. कुणीतरी वरून नव्हे, खालून पाणी देत होतं. ट्रेमध्ये ओतायचं, कुंडी बुडातून पिते आणि वरची खडी कोरडीच राहते. विष नव्हतंच. कुणीतरी तिच्या झाडांचे लाड करत होतं.

"अगं सटवे," ती धाकटीच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाली.

खरं तर तिथंच मामंजींना हाक मारायची. पण थोरलीचा स्वभाव हाक मारायचा नव्हता. आणि म्हातारा म्हणाला असता, पुरावा दाखव. पुरावा काय, ओली करंगळी? शिवाय नियम मोडलास म्हणून वर तिलाच ऐकवलं असतं. तिनं मागच्या कपाटातून युरियाचा पत्र्याचा डबा काढला आणि धाकटी जेवायला घरी गेली, तेव्हा दहा लिटरच्या झारीत एक सपाट चमचा युरिया विरघळवून धाकटीच्या एकूण एक ट्रेमध्ये ओतला. खालून, तसाच. खडीवर एक थेंब पडू दिला नाही. मनापासून बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिनं स्वतःपासून लपवलंही नाही. दर तिसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजता, असं चार वेळा.

आणि दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे सहाऐवजी साडेचारला येऊन आपल्या फळीसमोर बसायला लागली आणि सकाळभर तिथून हलेना. तिच्या ट्रेमधलं पाणी थांबलं. धाकटी घाबरली, असा तिनं अर्थ लावला. पण या झाडांची पानं म्हणजे पखाल असते. एकदा भरली की तीन-तीन आठवडे ओल पोटात धरून बसतात. लाल काही परतेना.

"साडेचारला?" नवऱ्यानं विचारलं. तो काचघराचा टेम्पो चालवायचा. रोज सकाळी माल भरायचा आणि दिवसभर दुकानांतून, घरांतून पोचवून यायचा. दिवसाकाठी पाच-सहा वाक्यं बोलायचा, त्यातलं हे एक होतं.

"झोपा तुम्ही."

"रात्री नऊला येतेस. आता पहाटेपण जाणार."

"किल्ली हातात येऊ दे. मग बघू."

"मग तर काय," तो म्हणाला आणि कूस बदलून पडला. लेक लग्न होऊन गेल्यापासून त्या घरात तो एकटाच जेवत होता. थोरलीच्या हे लक्षात नव्हतं असं नाही. लक्षात होतं, पण त्यात तक्रार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात धाकटी आपल्या फळीसमोर वही घेऊन उभी असायची. तिची झाडं टरारून वाढत होती. लाल रंग कडेला ढकलला गेला होता आणि मधून गडद, जाडजूड हिरवी पानं वर येत होती.

"काय गं, छत्री मिटली का तुझ्या झाडांची?" थोरलीनं विचारलं.

"तुमची तरी कुठं उघडलीय, ताई?"

"माझी कुणी मिटवली ते मला माहिताय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. लिही, लिही. वही संपू दे."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत भीती नव्हती, नुसता तिटकारा होता. तो तिटकारा थोरलीला फार आवडला. चोराच्या तोंडावर तो शोभतो, असं तिला वाटलं.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला लँडस्केपवाली आली. तिनं काळा चष्मा डोक्यावर सरकवला, पहिल्या फळीशी दोन मिनिटं थांबली, दुसऱ्या फळीशी एक.

"मी लाल सांगितली होती," ती मामंजींना म्हणाली. "हिरवी मला कुठंही मिळतात. मी दुसरीकडे बघते." आणि गेली. तिची गाडी फाटकाबाहेर पडली.

मग थोरली बोलली, आणि चौदा वर्षांचं बोलली. "विचारा हिला! माझ्या ट्रेमध्ये रोज पाणी कोण ओततं ते विचारा. कोर्स करून आलीय ना? खालून पाणी द्यायचं, वरून कळायचं नाही. तोंड वर करून ताई ताई करायचं आणि मागून गळा कापायचा!"

"मी?" धाकटी किंचाळली. "माझी फळी बघा आधी! माझ्या झाडांना काय झालंय? मीच केलं का हे? तुम्हाला मी इथं आले तेव्हापासून खुपतेय. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातातली कात्री काढून घेतली होतीत, ताई, मी विसरले नाहीये!"

"तुझी तीच लायकी होती!"

"पाणी मी घातलं," दाराशी कुणीतरी म्हणालं.

थोरलीचा नवरा रिकामा क्रेट छातीशी धरून उभा होता. माल न्यायला आला होता. त्यानं क्रेट खाली ठेवला.

"थोरलीच्या फळीला मी घातलं. सकाळी गाडी भरताना, ती मागे झाडत असायची तेव्हा. गिऱ्हाइकं मलाच तर तक्रारी सांगतात. लाल नेलं, घरी नेऊन पाणी घातलं तर हिरवं झालं. म्हणून मला माहीत होतं."

"तुम्ही?" थोरली एवढंच म्हणाली.

"का रे?" मामंजींनी विचारलं.

"हरली असती तर घरी आली असती," तो म्हणाला. सहा वाक्यांच्या माणसाचा आज बांध फुटला होता. "लेक सासरी गेल्यापासून मी एकटा जेवतोय. किल्ली मिळाली असती तर ती इथंच झोपली असती. तुम्हाला दिसत नाही, अण्णा. तुम्ही तिला वापरलंत आणि ती वापरू देत राहिली. मला ती घरी पाहिजे होती. बास."

थोरलीला नवऱ्याचा राग यायला हवा होता, आणि येणारही होता, पण त्याआधी तिची नजर समोरच्या फळीवर गेली. धाकटीनं काही केलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं.

"आणि धाकटीच्या फळीला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

नवऱ्यानं बापाकडे बघितलं नाही. थोरलीकडे बघितलं. संसाराला सव्वीस वर्षं झाली होती. तिच्या चेहऱ्यावरचं वाचायला त्याला क्षणभरही लागला नाही.

"तेही मीच," तो म्हणाला. "दोन्हीकडे."

मामंजी काठी टेकत उठले. त्यांनी थोरलीच्या फळीवरचं एक झाड उचललं, धाकटीच्या फळीवरचं एक उचललं, आणि दोन्हींचं एकेक पान मोडून उजेडात धरलं.

"हे बघ," ते म्हणाले. "हिच्या पानाची कड अजून लाल आहे, मधलं तेवढं पोपटी झालंय. हे नुसतं पाणी. आणि हे दुसरं बघ. काळपट हिरवं, दुप्पट जाड, नवी पानं जुन्यांच्या वर चढून बसलीत. एवढ्या दिवसांत नुसत्या पाण्यानं हे होत नाही. याला युरिया दिलाय. कुठं असतो युरिया?"

नवऱ्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "मागच्या कपाटात."

"किती घातलास?"

"झारीत... मूठभर."

"मूठभर घातला असतास तर मुळं जळून तीनशेच्या तीनशे झाडं आडवी झाली असती. एकही पान जळलेलं नाही. कुणीतरी चमचा सपाट करून, मोजून, दिवस सोडून घातलाय." म्हाताऱ्यानं दोन्ही पानं फळीवर ठेवली. "असं मोजायला या घरात मी दोघींनाच शिकवलंय. एकीची तर ही स्वतःची फळी."

नवरा अजून तोंड उघडत होता. तो आणखी काहीतरी खोटं बोलणार, आणि तेही वाईट बोलणार, हे थोरलीला दिसलं. तिला ते सहन झालं नाही. त्याच्यावर माया आली म्हणून नव्हे. तिनं जे एवढं चोख केलं होतं, ते हा गबाळा स्वतःच्या नावावर घेत होता.

"मी घातला," ती म्हणाली. "चार वेळा. दुपारी एक वाजता. हिनंच माझ्या झाडांना पाणी घातलं असं वाटलं म्हणून."

"विचारायचंत तरी," धाकटी हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला काय विचारायचं? मला तू तेव्हाही नको होतीस आणि आत्ताही नकोस."

मामंजींनी कमरेची मूळ किल्ली सोडवली. धाकटीच्या हातात दिली नाही. तिच्या वहीवर ठेवली.

"रंग दोघींनाही आला नाही," ते म्हणाले. "पण दुसरीच्या फळीला हिनं हात लावला नाही."

"लावलेत की सगळे हात तुम्हीच," थोरली त्यांना म्हणाली. चौदा वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच उलट बोलली. म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखं करत खुर्चीकडे वळला.

तिनं एप्रन काढून खुंटीला अडकवला. धाकटी बाजूला सरली नाही, म्हणून तिच्या खांद्याला खांदा घासून थोरली बाहेर पडली. नवऱ्यानं टेम्पोचं पुढचं दार उघडून धरलं होतं. ती मागे जाऊन रिकाम्या क्रेटांत बसली.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. दिवसाच्या या वेळी हे घर कसं दिसतं, तेच तिला आठवेना. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला होता. नवऱ्यानं घाईघाईनं कपाटातून दुसरं ताट काढलं, फडक्यानं पुसलं आणि समोरासमोर दोन्ही ताटं मांडली. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीखाली कुठंतरी आनंदही होता, लपवता न येणारा. तो आनंद तिनं बघितला.

"बस ना," तो म्हणाला. "मी वाढतो."

ती खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली. दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

"तुम्हाला मी घरी हवी होते ना?" ती म्हणाली. "आले. आता राहा माझ्याबरोबर."